चार काळांचे बारा उपास

जर्मन भाषेत ‘क्वाटेम्बर’ असा एक शब्द आहे. सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांच्या रांगेत उभा केला तर कुणालाही तो महिनाच वाटेल. पण हा महिना नव्हे, हा उपासाचा शब्द. कॅथलिक घरांत वर्षातून चार वेळा, ऋतू पालटायच्या सुमारास, एकेका आठवड्यात तीन-तीन उपास धरले जात : बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. वर्षाचे बारा. चर्चच्या लॅटिनमध्ये या दिवसांना ‘क्वात्तुओर तेम्पोरा’ म्हणत. ‘क्वात्तुओर’ म्हणजे चार आणि ‘तेम्पोरा’ म्हणजे काळ. जर्मनांच्या तोंडात हे दोन शब्द घोळून घोळून एक झाले. फ्रेंचांनी सरळ आपल्या भाषेतले ‘चार’ आणि ‘काळ’ घेऊन ‘कात्र ताँ’ केलं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी आकडा सोडून दिला आणि नुसतं ‘तेम्पोरास’ ठेवलं. स्लोव्हेनियात याच्या उलट झालं. तिथे आकडा राहिला आणि काळ गळला : ‘क्वात्रे’.

या नावात जे नाही तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात उपास नाही, व्रत नाही, प्रायश्चित्त नाही. आहे तो फक्त काळ. आपल्याला हे नवं नाही. ‘सण’ हा शब्द ‘क्षण’पासून आला. ‘उद्या आमच्याकडे तिथी आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला श्राद्ध कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. ‘हंगाम’ फारसीतून आला, तिथेही त्याचा अर्थ वेळ. ‘मोसम’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ ठरलेली वेळ. घरात सगळ्यांना काय करायचं हे माहीत असलं की वेळेचं नाव घेतलं तरी काम भागतं. मात्र अशा नावाला एक मोकळीकही मिळते. करायची गोष्ट बदलली तरी नाव चालू राहतं. ‘क्वात्तुओर तेम्पोरा’चं नेमकं तेच झालं. उपास सुटले. शब्द मात्र देण्याघेण्याच्या हिशेबात, न्यायालयाच्या नावात, भुताखेतांच्या गोष्टींत, पावसाच्या ठोकताळ्यांत आणि बहुधा एका जगप्रसिद्ध पदार्थातही जाऊन बसला.

आधी हे दिवस कुठे पडत ते पाहू. पहिला आठवडा ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातला, त्यातल्या पहिल्या रविवारनंतरचा. दुसरा पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या, लगेच नंतरचा. तिसरा 14 सप्टेंबरच्या क्रुसाच्या सणानंतरचा आणि चौथा 13 डिसेंबरच्या संत लुसीच्या सणानंतरचा. वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा असे हे चार टप्पे युरोपच्या हवामानाप्रमाणे आहेत. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस असतो आणि सप्टेंबरात भात पोटरीला येतं, त्यामुळे आपल्या अंगणातून बघितलं तर हे वेळापत्रक तिरपं वाटेल. रोमच्या शेतकऱ्याला ते बरोबर बसत होतं. जूनच्या सुमारास गव्हाची कापणी, सप्टेंबरात द्राक्षांचा खुडा, डिसेंबरच्या आसपास पेरणी. जुन्या रोमन धर्मातही पेरणी-कापणीचे विधी होते आणि ख्रिस्ती उपासांनी त्यांचीच जागा घेतली, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. वसंतातला आठवडा मात्र नंतर जोडला गेला असं मानतात.

पाचव्या शतकात पोप पहिला लिओ या उपासांवर प्रवचनं करी. त्याच्या प्रवचनांत सप्टेंबरातल्या उपासाला ‘सातव्या महिन्याचा उपास’ म्हटलं आहे आणि डिसेंबरातल्या उपासाला ‘दहाव्या महिन्याचा’. हे वाचून थबकायला होतं, कारण आपल्या लेखी सप्टेंबर नववा आणि डिसेंबर बारावा. पण नावं खोटं बोलत नाहीत. ‘सेप्तेम’ म्हणजे सात आणि ‘देचेम’ म्हणजे दहा. वर्ष मार्चपासून मोजायची जुनी रोमन रीत महिन्यांच्या नावांत गोठून राहिली आहे. दुसरीकडे, जुन्या करारातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्यांतल्या उपासांचा उल्लेख येतो. लॅटिन महिन्यांची नावं आणि संदेष्ट्याचे आकडे जुळून आले. आकड्यांचं असं जुळणं माणसाच्या मनाला फार आवडतं, आणि रूढी पक्की व्हायला ते पुरेसं असतं. इ. स. 494च्या सुमारास पोप गेलासिअसने या आठवड्यांतल्या शनिवारी पाद्र्यांना दीक्षा द्यायची परवानगी दिली. अकराव्या शतकात सातव्या ग्रेगरीने चारही आठवडे कायमचे ठरवून टाकले. पूर्वेकडच्या चर्चांनी हे चार काळ कधीच स्वीकारले नाहीत. ते रोमचं लेणं होतं आणि रोम जिथे जिथे पोचलं तिथेच गेलं.

घरात मात्र पोपपेक्षा चुलीचा अधिकार मोठा. उपास म्हणजे दिवसातून एकदाच पोटभर जेवण, आणि मांस वर्ज्य. जुन्या काळी अंडी आणि दूधही बंद असे. 1917च्या चर्च कायद्यात हा हिशेब वयानुसार मांडलेला दिसतो. मांस टाळायचं बंधन सातव्या वर्षापासून, उपासाचं बंधन एकविसाव्यापासून आणि एकोणसाठ पूर्ण होताच सुटका. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस आणि अंगमेहनतीचं काम करणारा यांना सूट होती. म्हणजे एकाच छपराखाली आजोबांना उपास नाही, पण मांसही नाही. बापाला दोन्ही. थोरल्या मुलाला अजून नुसतं मांस वर्ज्य, पाळण्यातल्या पोराला कसलंच बंधन नाही, आणि रांधणारी ओली बाळंतीण. तिला स्वतःला खायची मुभा, पण पातेलं सगळ्यांसाठी एकच. उपासाचा नियम कोणी का लिहिला असेना, तो पाळायचा कसा हे ठरवलं त्या बाईनं. कायद्याचं पुस्तक तिने वाचलेलं नव्हतं, पण बुधवारी कोणाच्या ताटात काय पडायचं हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

इथे मांस म्हणजे काय, हेही बघायला हवं. मालवणी घरात ‘वशाट’ म्हटलं की त्यात मटणही आलं आणि बांगडाही. आज वशाट नाही म्हणजे दोन्ही नाहीत. कॅथलिक उपासात मात्र मांस आणि मासे यांच्यामध्ये रेघ आहे. लॅटिन ‘कारो’ म्हणजे जमिनीवरच्या, उष्ण रक्ताच्या प्राण्याचं मांस. मासा त्यात धरत नाहीत. त्यामुळे ज्या गोव्यात शीत, कडी आणि ‘नुस्तें’ हेच रोजचं जेवण, तिथल्या गरीब ख्रिस्ती घराला मांस टाळायचा नियम फारसा जड गेला नसावा. मांस मुळात सणासुदीचंच होतं. तोच नियम जर्मनीच्या आतल्या भागात, समुद्रापासून लांब, वेगळ्या तऱ्हेने जड पडत असणार. एकच शब्द, एकच नियम, पण चुलीगणिक त्याचं वजन निराळं.

दिवसातून एकच जेवण, मग रात्री भुकेलं पोट घेऊन झोपायचं? यावर मठांनी एक वाट काढली. संध्याकाळच्या शेवटच्या प्रार्थनेआधी भिक्षू एकत्र बसून वाचन ऐकत. अनेकदा ते जॉन कॅसिअन याच्या ‘कोल्लातिओनेस’ या पुस्तकाचं असे. ‘कोल्लातिओ’ म्हणजे एकत्र बसून केलेली चर्चा. उपासाच्या दिवशी या वाचनाच्या वेळी घोटभर काहीतरी प्यायला मिळू लागलं, मग पावाचा तुकडा आला, आणि होता होता वाचनाचं नाव त्या हलक्या खाण्याला चिकटलं. मठातून ते घरात आलं. आज इटालियन माणूस सकाळी ‘कोलात्सिओने’ करतो, तेव्हा तो कॉफी आणि पाव खात असतो. न्याहारीच्या त्या शब्दात सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचं एक धार्मिक पुस्तक दडलेलं आहे, हे त्याच्या गावीही नसतं. मेक्सिकोत तर नाताळच्या दिवसांत मुलांना वाटायच्या साखरेच्या गोळ्यांना ‘कोलासिओन’ म्हणतात. उपासाच्या फराळाची मिठाई झाली.

‘फराळ’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे आलं असेल तेच मला सांगायचं आहे. आपला फराळ हा ‘फलाहार’. मूळचा उपासाला चालणारा आहार, फळं-कंद. त्याच शब्दाने आज दिवाळीतल्या चकली-चिवड्याचं आणि बेसनाच्या लाडवाचं ताट भरलेलं आहे. उपासाच्या दिवशी जो फराळ चालतो तो दिवाळीचा नव्हे, आणि दिवाळीचा जो फराळ तो उपासाला चालत नाही. दोन टोकांचे दोन अर्थ एका शब्दात गुण्यागोविंदाने नांदतात. मेक्सिकोतल्या ‘कोलासिओन’चा प्रवास याच वाटेचा आहे, आणि एकमेकांशी काडीचा संबंध नसताना दोन भाषांनी तो स्वतंत्रपणे केला.

आता गोवा. पोर्तुगीजांकडे उपासाच्या रात्रीच्या हलक्या खाण्याला ‘कोन्सोआदा’ म्हणत. ‘सांत्वन करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो आला असं मानतात. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोटाची समजूत घालणारं खाणं. नाताळची पूर्वसंध्या हाही तेव्हा उपासाचाच दिवस होता. म्हणून त्या रात्रीचं बिनमांसाचं जेवण हीच पोर्तुगालात कोन्सोआदा ठरली. अजूनही तिथे त्या रात्री खारवलेला सुका कॉड मासा, बटाटे आणि कोबी असं साधं ताट मांडतात. हाच शब्द गोव्यात आला आणि इथे त्याने कात टाकली. गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणजे नाताळात शेजारीपाजारी पाठवायचं गोडाधोडाचं ताट. त्यात नेवऱ्या असतात, दोदोल असतो, बिबिंका असते, कुलकुलं असतात, चण्याच्या डाळीचं दोस असतं. मंगळूरकडे ‘कुस्वार’ म्हणतात तोही याच शब्दाचा वंशज मानला जातो. वर क्रोशाचा रुमाल घालून हे ताट शेजारच्या हिंदू घरी जातं. त्या घरातून चवथीला नेवऱ्या आलेल्या असतातच. नेवरी दोन्ही ताटांत असते. पोर्तुगीज शब्दाला गोव्यात सारण मिळालं ते इथल्या नारळाचं आणि गुळाचं.

मला हे कोन्सुआद-प्रकरण फार मोलाचं वाटतं. कोश उघडून बघितला तर ‘उपासाच्या रात्रीचं खाणं’ असा अर्थ मिळेल. साष्टीतल्या एखाद्या घरात विचारलं तर ‘नाताळचं गोड’ असं उत्तर येईल. दोन्ही खरी. पहिला अर्थ पाद्र्यानं आणला, दुसरा अर्थ त्या घरातल्या आयांनी घडवला. दुसऱ्याला कमी लेखायचं काहीच कारण नाही.

इंग्लंडमध्ये या आठवड्यांना निराळंच नाव पडलं : ‘एम्बर’. इंग्रजीत एम्बर म्हणजे निखाराही. त्यामुळे राख, निखारा, प्रायश्चित्त अशी माळ लावायचा मोह अनेकांना झाला. तो चुकीचा आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘युम्ब्रेन’ असा होता. ‘युम्ब’ म्हणजे भोवती आणि ‘रुने’ म्हणजे धावणं. वर्षाच्या भोवती फेरा घालणारे, फिरून फिरून येणारे दिवस. निखाऱ्याचा शब्द वेगळ्या मुळाचा, नंतरच्या उच्चारांत दोघे एकसारखे झाले इतकंच. काहींच्या मते ‘तेम्पोरा’च्या कानावर पडलेल्या रूपाचाही त्यावर परिणाम झाला असावा. 747 साली क्लोव्हेशो इथे भरलेल्या धर्मसभेने हे उपास पाळायला सांगितले होते, म्हणजे तोवर शब्द इंग्रजांच्या तोंडी रुळत असणार.

या शब्दाच्या इतिहासातली एक नोंद मला सगळ्यात जवळची वाटते. नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने जी कायदेसंहिता केली, तीत सुट्ट्यांचं एक कलम आहे. मोकळ्या माणसांना कोणकोणत्या दिवशी काम माफ हे सांगून झाल्यावर गुलामांचा उल्लेख येतो. त्यांना वर्षात चार दिवस मिळतात : चार एम्बर आठवड्यांतले चार बुधवार. त्या दिवशी कोणी देवाच्या नावाने दिलेलं किंवा फावल्या वेळात स्वतः मिळवलेलं जे काही असेल, ते हव्या त्या माणसाला विकायची त्यांना मुभा. एवढंच कलम आहे. मालकासाठी तो बुधवार उपासाचा. गुलामासाठी तो वर्षातल्या चार बाजारदिवसांपैकी एक. त्याची बायको तीन महिने वाचवलेली अंडी किंवा विणलेली टोपली घेऊन निघाली असेल, असं चित्र मी मनात रंगवते. कलमात ते नाही. पण चार दिवस मोजून देणाऱ्या कायद्यातही माणसाच्या स्वतःच्या कमाईची एक फट उघडी राहिली होती, आणि तिचा पत्ता उपासाच्या शब्दाने लिहिलेला होता.

जर्मन मुलखात क्वाटेम्बर सरळ हिशेबाचा शब्द झाला. वर्षाचे चार भाग, ठरलेल्या अंतराने येणारे, चर्चच्या घंटेमुळे गावातल्या प्रत्येकाला माहीत असलेले. मग देणी-घेणी त्यांनाच बांधली गेली तर नवल काय? कारागिरांच्या संघांची वर्गणी क्वाटेम्बरला भरायची. सॅक्सनीतल्या खाणींत भागधारकांचा हिशेब क्वाटेम्बरला व्हायचा. सतराव्या शतकात तिथे ‘क्वाटेम्बरश्टॉयर’ नावाचा करच होता. विशेष म्हणजे सॅक्सनी तोवर ल्यूथरच्या पंथाचं झालं होतं. रोमचा उपास नाकारला, पण रोमचं तिमाही वेळापत्रक ठेवलं. डेन्मार्कनेही तेच केलं. तिथे ‘तेम्पोरा’चा ‘तामपर’ झाला आणि विवाहाच्या तंट्यांचं जे धर्मन्यायालय या दिवसांत बसे त्याला ‘तामपररेट’ म्हणू लागले. आपला ‘हप्ता’ हा शब्द असाच चालत आला. फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, हप्ता म्हणजे आठवडा, मग आठवड्याला द्यायचे पैसे, मग महिन्याला द्यायचे असले तरी हप्ताच. वेळ सरते आणि पैसे उरतात, असा हा अर्थांचा रस्ता बऱ्याच भाषांतून जातो.

जिथे हिशेब तिथे भूतंही येतात. वर्षाचा सांधा बदलायच्या रात्री धोक्याच्या, ही समजूत आपल्याकडे अवसेची आहे, आल्प्सच्या डोंगरांत ती क्वाटेम्बरची होती. दक्षिण जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये या उपासांना ‘फ्रोनफास्टेन’ म्हणत आणि त्या दिवशी जन्मलेल्या मुलाला मेलेली माणसं दिसतात असं मानत. स्लोव्हेनियात क्वात्रेच्या रात्री सूत कातणाऱ्या बाईला शासन करणारी एक म्हातारी लोककथांत आहे. कातायचं नाही, हा नियम मला मोठा समजूतदार वाटतो. दिवसभर एका जेवणावर राहिलेल्या बाईला निदान त्या रात्री तरी चरख्यापासून सुटका मिळावी, अशी सोय भुताच्या तोंडून झाली असेल तर त्या भुताचे उपकारच म्हणायचे.

यातली सगळ्यात विलक्षण कथा इटलीच्या ईशान्येला फ्रिउली प्रांतातली, आणि ती लोककथा नाही, इन्क्विझिशनच्या दप्तरात नोंदलेली आहे. 1575मध्ये इयासिको गावच्या पाओलो गास्पारुत्तो नावाच्या माणसाची तक्रार झाली. 1580मध्ये प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा चिविदालेचा दवंडीवाला बात्तिस्ता मोदुको हाही जबाबाला उभा राहिला. दोघांनी सांगितलं ते असं : आम्ही ‘बेनांदान्ती’. म्हणजे भल्यासाठी निघणारे. जन्मताना आमच्या डोक्याभोवती गर्भाची झिल्ली गुंडाळलेली होती. तेम्पोराच्या गुरुवारी रात्री देह अंथरुणात राहतो आणि आमचा आत्मा शेतात जातो. तिथे आम्ही चेटकिणींशी लढतो. आमच्या हातात बडीशेपेच्या काड्या, त्यांच्या हातात ज्वारीची धाटं. आम्ही जिंकलो तर त्या वर्षी पीक येतं, हरलो तर दुष्काळ.

बडीशेप विरुद्ध ज्वारी! सोलापूर-बार्शीकडच्या वाचकाला ज्वारीची बाजू पडती बघून वाईट वाटेल. पण या जबाबातला एक शब्द बघा. धर्मन्यायाधीशासाठी ‘तेम्पोरा’ म्हणजे चर्चने नेमून दिलेला उपास. समोर उभ्या शेतकऱ्यासाठी ‘तेम्पोरा’ म्हणजे पिकाचं नशीब ठरायची वेळ. दोघं एकाच खोलीत बसून एकच शब्द उच्चारत होते. न्यायाधीशाला कळेना की हे पाखंड आहे की भक्ती. आरोपींना कळेना की आपण देवाच्या बाजूने लढलो, यात आपला गुन्हा काय. रोमन शेतकऱ्याच्या पेरणी-कापणीवर चर्चने उपासाचं पांघरूण घातलं असेल, तर त्याच पांघरुणाखालून हजार वर्षांनी पीक पुन्हा डोकं वर काढत होतं. 1966 साली कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकाराने या दप्तरांवरून बेनांदान्तींवरचं आपलं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पोप सहाव्या पॉलने उपासाचे नियम बदलले आणि तेम्पोराच्या उपासांची सक्ती गेली. एका दारातून शब्द बाहेर पडत होता, दुसऱ्या दारातून कोणीतरी त्याला आत बोलावत होता.

उत्तर स्पेनच्या शेतकऱ्यांकडे ‘तेम्पोरास’ आजही जिवंत आहेत, पण उपास म्हणून नाहीत. त्या तीन दिवसांत वारा कुठून वाहतो, ढग कसे येतात, त्यावरून पुढच्या तीन महिन्यांचं हवामान सांगायची तिथे रीत आहे. आपल्या सहदेव-भाडळीच्या ठोकताळ्यांचे किंवा बुलढाण्याकडच्या भेंडवळच्या घटमांडणीचे हे सख्खे शेजारी. शास्त्र त्यांना मानत नाही आणि ते बरोबरच आहे. शब्दासाठी मात्र ही अखेरची ओसरी सुरक्षित ठरली.

आणि सुरुवातीला म्हटलेला तो जगप्रसिद्ध पदार्थ? जपानचा ‘तेम्पुरा’. पिठात बुडवून तळलेली भाजी, कोळंबी, मासा. 1543मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले. 1549मध्ये फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. पोर्तुगालात फरसबीच्या शेंगा पिठात घोळून तळतात आणि त्यांना ‘बागेतले मासे’ म्हणतात, म्हणजे ही कला त्यांच्याकडे होती. तेम्पोराच्या दिवशी मांस चालत नसल्यामुळे पाद्री तळलेल्या भाज्या आणि मासे खात, जपान्यांनी विचारलं हे काय, उत्तर मिळालं ‘तेम्पोरास’, अशी गोष्ट सांगतात. दुसरं मत असं की हा शब्द ‘तेम्पेरो’ म्हणजे चव आणणं, मसाला, यावरून आला. मी दोन्ही बाजू तोलून बघितल्या आहेत. शेवटच्या ‘आ’साठी तेम्पोरास बरा बसतो, स्वयंपाकाच्या अर्थासाठी तेम्पेरो. प्रश्नोत्तराची ती गोष्ट मात्र मला पटत नाही. शब्दांच्या जन्माच्या इतक्या गोळीबंद गोष्टी बहुतेक मागाहून रचलेल्या असतात. पोर्तुगीज खाण्याचा जपानी भाषेशी संबंध सिद्ध करायला त्या गोष्टीची गरजही नाही. जपानीतला ‘पान’ आणि मराठीतला ‘पाव’ हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे दोन मुलगे आहेत, यात कुणालाच शंका नाही.

उपासाच्या बाबतीत पोर्तुगीजांचं आपल्यावरचं ऋण तर याहून मोठं. बटाटा त्यांच्या जहाजांतून आला, नावासकट. रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मूळची अमेरिकेची. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओकाही ब्राझीलकडचा. ज्या एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि दाण्याची आमटी असते, त्या ताटातलं किती तरी पाचशे वर्षांपूर्वी या देशात नव्हतं. ‘उपासाला हे चालतं’ असं ज्या पहिल्या आजीने ठरवलं असेल, तिला कोणत्या धर्मसभेची परवानगी लागली नाही.

1969च्या नव्या नियमांनी तेम्पोराचे दिवस पुरते मोडीत काढले नाहीत. ते कधी आणि कसे पाळायचे हे त्या त्या देशाच्या बिशपांवर सोपवलं. बहुतेक ठिकाणी याचा परिणाम विस्मरण असाच झाला. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताचा ‘आगेरा’ होतो. त्याचं नाव लॅटिन ‘आगेर’ म्हणजे शेत यावरून आलं, असं सांगतात. मिठागर आणि नारळाचं आगर दाराशी असताना रोमपर्यंत जायची मला घाई वाटते. पण शेतातलं पहिलं धान्य देवापुढे ठेवायचा भाव तोच आहे.

गोव्यात चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला अजून ‘करेज्म’ म्हणतात. लॅटिन ‘क्वाद्राजेसिमा’, म्हणजे चाळिसावा, पोर्तुगीज ‘क्वारेज्मा’ होऊन मांडवीकाठी आला आणि कोकणी झाला. त्याआधीच्या मौजेच्या दिवसांना ‘इंत्रुज’ म्हणतात, त्याचं मूळ ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. वसईत ‘झावळ्यांचा रविवार’ आहे, ‘राखेचा बुधवार’ आहे. नाताळ तर साऱ्या महाराष्ट्राचा झाला, तो पोर्तुगीज ‘नाताल’ आहे हे कुणाला आठवतही नाही. हे शब्द अजून लोकांच्या तोंडी आहेत. पण रविवारची मिस्सा इंग्रजीत ऐकून वाढलेली मुलं ‘लेन्ट’ आणि ‘पाम संडे’ म्हणू लागली आहेत. आजीच्या तोंडचा शब्द आजीबरोबर जातो आणि चर्चच्या दप्तरात तो लिहिलेला नसतो, कारण दप्तर लॅटिनमध्ये, पोर्तुगीजमध्ये किंवा इंग्रजीत होतं.

वसई, उत्तन, अलिबाग, साष्टी, बारदेश, सावंतवाडी, कुठेही तुमच्या घरी उपासाच्या दिवसाला, त्या दिवशीच्या खाण्याला, त्या रात्री न करायच्या कामाला काही वेगळा शब्द असेल, तर तो आजच लिहून ठेवा. कोणी म्हटलं, कोणत्या गावात म्हटलं आणि ताटात काय होतं, हेही सोबत लिहा.